माळ्यावरचा कंदील



मी कोसाडहून लिहितेय. सुरतेतलं कोसाड, उत्राणच्या पुढचं स्टेशन. गेल्या दिवाळीत आमच्या नव्या घराचे फोटो टाकले होते, तेव्हा चार-पाच जणींनी विचारलं होतं, "काकू, बाल्कनीतला तो जुना कंदील कुठून आणला? आम्हालाही घ्यायचाय, बघून कसा घ्यायचा ते सांगा." तेव्हा "सांगते सवडीने" म्हणून टाळलं. खरं कारण असं की, कंदिलाचं सांगायचं तर माझं एक खोटं सांगावं लागणार होतं. ते मी सतरा-अठरा वर्षं सांभाळलं. आता सगळंच लिहून टाकते. वाचायला चहा घेऊन बसा, लांबलंय.

माझं माहेर दोंडाईच्याजवळचं खेडं. लहानपणी घरात लाईट नव्हती. दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे, कारण घरात माझाच हात एवढा लहान की काचेत आत जायचा. चुलीतली राख चिंधीवर घ्यायची, आत हात घालून गोल फिरवायची, मग कोरड्या कागदाने पुसायचं. पाणी लावायचं नाही. ओली काच पेटत्या कंदिलावर चढवली की तडकलीच. काच तडकली की बाबांना दोंडाईच्याला जावं लागे, आणि ती येईपर्यंत आम्ही चिमणीच्या काजळीत जेवायचो. त्यामुळे काच म्हणजे घरातली सगळ्यात जपायची वस्तू. रात्री जेवणं झाली की आई म्हणायची, "कंदील बारीक कर." विझव म्हणायचं नाही. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. आईच्या तोंडून तो शब्द कधी आला नाही.

कंदील होता प्रभाकरचा. आता नवीन मुलांना हे नावच माहीत नाही म्हणून सांगते. साताऱ्याकडे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी म्हणून गाव आहे, कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन खरं तर ओगलेवाडीलाच आहे. तिथे ओगले बंधूंनी १९१६ च्या सुमारास औंध संस्थानच्या आधाराने काचेचा कारखाना काढला. स्वदेशीचे दिवस. कंदील परदेशातून यायचे, काचा परदेशातून यायच्या. ओगल्यांनी आधी काच केली आणि मग अख्खा कंदीलच इथे करायला घेतला. वडिलांचं नाव प्रभाकर, तेच कंदिलाला दिलं. प्रभाकर म्हणजे सूर्य, त्यामुळे नाव शोभलंही. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत अभ्यास त्या उजेडात झालेत.

१९८४ ला माझं लग्न झालं आणि मी सुरतेत आले. यांची नोकरी मिलमध्ये. तापी लाइनच्या गाडीत बसताना सामानात आईने तो कंदील दिला, काच वेगळी लुगड्यात गुंडाळून. मी म्हटलं, "आई, सुरतेत लाईट असते." ती म्हणाली, "असू दे. परकं गाव आहे." घरी तोपर्यंत वीज आली होती म्हणून तिला तो देता आला, एवढंच. पण घरातली नीट वस्तू काढून दिली होती हे मला कळत होतं.

इथे आल्यावर कळलं की आपला कंदील इथे फानस आणि आपलं रॉकेल इथे घासलेट. घासलेट तर आम्हीही म्हणायचो, त्यामुळे तेवढं परकं वाटलं नाही. पहिली काही वर्षं लाईट गेली की कंदील निघायचा. मग इमर्जन्सी लाईट आली, मग इन्व्हर्टर. कंदील माळ्यावर गेला. १९९९ ला आम्ही अडाजणला भाड्याच्या घरात गेलो, त्या आवराआवरीत भंगारवाला दारात आला. काच एव्हाना नव्हती, टाकीला गंज चढला होता. मी तो देऊन टाकला. बदल्यात पंधरा रुपये आणि एक प्लास्टिकचं टमरेल. टमरेल दोन वर्षांत फुटलं.

आईला सांगितलं नाही. ती विचारेल असंही वाटलं नव्हतं.

मग ऑगस्ट २००६ चा पूर. सुरतकरांना वेगळं सांगायला नको. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. अडाजण, रांदेर सगळं पाण्यात. आमचा तळमजला पूर्ण बुडाला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणून खालची बिऱ्हाडं आमच्याकडे वर आली. दोन खोल्यांत सतरा माणसं. लाईट नाही, फोन नाही, प्यायला पाणी नाही. घरातल्या मेणबत्त्या पहिल्याच रात्री संपल्या. दुसऱ्या रात्रीपासून मी देवाच्या वाती वाटीत तेलात बुडवून लावल्या. स्वयंपाकाचं तेलही किती जाळायचं? एक वाटी जिन्यात, एक संडासाशी. बाकी अंधार. खालच्या बिऱ्हाडातली म्हातारी रात्रभर विचारायची, "पाणी किती पायऱ्या आलं?" आणि जिन्यातली वाटी उचलून तिचा मुलगा खाली बघायला जायचा. वारा आला की वाटी विझायची आणि तो अंधारात पायरीवर तसाच उभा राहायचा, आम्ही वात पेटवून आणेपर्यंत. त्या चार रात्रींत मला तो कंदील किती वेळा आठवला ते माझं मला माहीत. वाऱ्यात न विझणं हेच तर त्याचं काम.

पाचव्या-सहाव्या दिवशी फोन लागला. पलीकडे आई. आधी रडली. मग म्हणाली, "अंधारमा कशा ऱ्हायनात वं तुम्ही? तुना कंदील शे ना?"

आणि मी म्हणाले, "शे ना. त्यानाच उजेडमा काढ्यात राती."

का म्हणाले? तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. निम्मं खरं आहे. निम्मं हे की पंधरा रुपयांना विकला हे सांगायची लाज वाटली. पण पुढचं मला ठाऊक नव्हतं. आईने ती गोष्ट गावभर केली. माझ्या लेकीला पुरात माझ्या कंदिलाने तारलं! दळणाला गेली तिथे सांगितलं, लग्नात सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं. मी माहेरी गेले की लोक मला विचारायचे आणि मी मान हलवायची. आई २०११ ला गेली. दहाव्याला माझ्या भावानेच ती गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. माझा मुलगा पुराच्या वेळी बारा वर्षांचा होता, वाटीतल्या वाती त्यानेच माझ्यासोबत वळल्या होत्या. तो त्या दिवशी माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. आजवर बोललेला नाही.

आता कोसाडच्या घराकडे येते. मुलाचं लग्न झालं, नात झाली, आणि आम्ही इथे स्वतःचा फ्लॅट घेतला. विजेच्या बाबतीत आमच्या भागाची गंमतच आहे. जवळच उत्राणचं वीजघर. २१ मार्च २०२३ ला तिथला ८५ मीटर उंचीचा जुना कूलिंग टॉवर सुरुंग लावून पाडला, तेव्हा अख्खी सोसायटी गच्चीवर जमली होती. काही सेकंदांत सगळं खाली, वर नुसता धुळीचा ढग. तर वीजघराच्या शेजारी राहून आम्ही घरात कंदील शोधत होतो.

हौस सूनबाईची. तिला हॉलचा एक कोपरा आणि बाल्कनी जुन्या वस्तूंनी सजवायची होती. हायवेवरच्या काठियावाडी हॉटेलांत रांगेने फानस टांगलेले असतात, तसे पाच कंदील एका ओळीत. मी म्हटलं, "अगं, पाच टांगलेस तर लोक येऊन शेवटमेटा-रोटला मागतील." ती हसली, पण ऐकली नाही. तिने ऑनलाइन दोन मागवले. 'व्हिंटेज' म्हणून लिहिलेले, अठराशे रुपये जोडी. डबा उघडला आणि मी वासावरून ओळखलं की हा कंदील आयुष्यात कधी पेटलेला नाही.

कसं ओळखलं ते सांगते, कारण तुम्ही तेच विचारलं होतं.

गंज बघा. खरा जुना कंदील सगळीकडे सारखा गंजत नाही. तेल टाकीच्या बुडाशी साचतं, पाणी जोडाच्या कडेला थांबतं, म्हणून गंज तिथे असतो, आणि कडी जिथे दोन बाजूंना अडकते तिथे घासून चकाकी आलेली असते. या नव्यांवर गंज रंगाने मारलेला होता, वरून खालपर्यंत एकसारखा, नखाने खरवडला तर खाली नवा पत्रा. मग टोपीच्या आत बोट फिरवा. वर्षानुवर्षं पेटलेल्या कंदिलाच्या टोपीत काजळी अशी बसलेली असते की साबणाने सुद्धा पूर्ण जात नाही. यांच्या टोपीत बोट स्वच्छ. वात वर-खाली करायची चाकी फिरवून बघा. तिला आत दातेरी चक्र असतं, ते फितीला धरतं. शोभेच्या कंदिलात चाकी नुसती गोल फिरते, तिच्या आत काहीच नसतं! आमच्या सूनबाईने ती फिरवली आणि म्हणाली, "आई, ही तर खोटीच आहे." इथे माझ्या पोटात जरा कालवाकालव झाली. का ते तुम्हाला कळलंच असेल.

पितळ म्हणून विकतात त्याला लोहचुंबक लावा. मी फ्रीजवरचं चुंबक पर्समध्ये ठेवूनच हिंडते. चिकटलं तर आत लोखंडी पत्रा आणि वरून पिवळा मुलामा. शहरात एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानात तो मालक छातीवर हात ठेवून सांगत होता, "मासी, आ तो प्योर पित्तळ छे." मी पर्समधून मोर काढला (आमचं चुंबक मोराचं आहे) आणि लावला. मोर बसला तिथेच. मालकही हसला, बिचारा. पण एक लक्षात ठेवा, पत्र्याचा म्हणजे खोटा असं नाही. रोजच्या वापरातले बहुतेक कंदील पत्र्याचेच होते, आमचा प्रभाकरही. गरिबाच्या घरात पितळेचा कंदील कुठून येणार? जो कंदील आपल्या आजीच्या हातात होता तो पत्र्याचा होता, मग घरात पितळेचा चकचकीत टांगून तो आठवणीसाठी आहे म्हणायचं, हे मला पटत नाही.

सूनबाईला लाल-हिरव्या काचेचा रेल्वेचा हातदिवा पण हवा होता. गार्ड दाखवतात तो. छान दिसतो, मान्य. पण त्यातही नकली फार. आपली ही लाइन पूर्वी बी.बी.सी.आय. रेल्वेची होती, १९५१ मध्ये ती पश्चिम रेल्वेत गेली. तेव्हा दिव्यावर बी.बी.सी.आय. अशी अक्षरं ठोकलेली असतील तर तो त्याच्या आधीचा असायला हवा. आता ती अक्षरं नवीनही ठोकता येतात, म्हणून अक्षरांच्या खाचेत बघा, जुना रंग आणि मळ आत बसलाय की खाच ताजी चमकतेय. आणि रेल्वेची वस्तू असल्यामुळे ती लिलावातून आलीय का, हे विकणाऱ्याला विचारायला लाजू नका. चोरीचा दिवा घरात टांगून काय मिळवायचंय?

परदेशी नावं पण दिसतील. डिट्झ ही न्यूयॉर्कची, १८४० सालापासूनची. फॉयरहँड जर्मनीची. जर्मन कंदिलावर 'पश्चिम जर्मनी' असं इंग्रजीत असेल तर साल शोधायला सोपं, तो देश त्या रूपात १९४९ ते १९९० एवढाच होता. पेट्रोमॅक्स म्हणजे आपली लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती, पंप मारायची आणि जाळीचं मेंटल असलेली, ती १९१० मध्ये बर्लिनला निघाली. गॅसबत्ती शोभेला घ्यायची तर खुशाल घ्या, पण ती पेटवायच्या फंदात पडू नका, दाबाचं काम आहे.

आणि एक गंमत, जी मलाही साठीला आल्यावर कळली. कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या पकडायला नसतात, त्यातून हवा जाते. ज्याच्या नळ्या वर जाऊन काचेच्या डोक्यावरच्या टोपीतच मिळतात, त्यात तापलेली हवाच फिरून परत ज्योतीकडे येते. उजेड पिवळट, मवाळ. दुसऱ्या प्रकारात नळ्यांना बाहेरून ताजी हवा मिळते, तिथे ज्योत मोठी आणि पांढरी. दोन्हींत वारा थेट ज्योतीला लागत नाही, म्हणून ते वादळी कंदील. लहानपणी मी त्या नळ्या नुसत्या पुसत आले. त्या पोकळ आहेत हे सुद्धा ठाऊक नव्हतं.

हे सगळं मी सूनबाईला ऐटीत शिकवत होते. ती म्हणे, "आई, तुम्ही कंदिलाच्या डॉक्टर आहात." मग गेल्या वर्षीची दिव्याची अवस आली. सुरतेत त्या दिवशी दिवासो असतो, आपल्याकडे दिव्यांची पूजा. सूनबाई पुण्याकडची, तिच्या माहेरी ही पूजा साग्रसंगीत. तिने घरातल्या समया, निरांजनं, लामणदिवा घासून पाटावर मांडले, कणकेचे दिवे केले. आणि मला म्हणाली, "आई, आजीचा तो पुरातला कंदील काढूया ना माळ्यावरून. मामांनी लग्नात सांगितलं होतं मला. पाटावर पहिला मान त्याचा. आणि नंतर बाल्कनीत तोच टांगूया, मला ते विकतचे नकोतच."

मुलगा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही.

मी म्हणाले, "जुन्या घराच्या सामानात असेल कुठेतरी, बघते."

आणि मग मंडळी, मी काय केलं असेल? मी ठरवलं, एक प्रभाकर शोधायचा, थोडा ठोकून चेपवायचा आणि आईचा म्हणून आणून ठेवायचा. एवढी कंदिलाची डॉक्टर ना मी! खोटा जुना कसा ओळखायचा ते मला येत होतं, तसा करायचा कसा तेही येत होतं. हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा मी अगदी मन लावून कामाला लागले होते. मुंबईला बहिणीकडे गेले तेव्हा तिला घेऊन चोर बाजारात मटण स्ट्रीटला जाऊन आले. कंदील ढिगाने, पण किमती ऐकून बहीण म्हणाली, "यापेक्षा सोनं घे." पुण्याला सूनबाईच्या माहेरी गेले तेव्हा केळकर संग्रहालयात दिवे बघून आले, लामणदिव्यांपुढून पाय निघत नव्हता. ज्यांना जुने दिवे घ्यायचेत त्यांनी आधी तिथे एक दुपार काढावी, खऱ्याला डोळा बसतो.

शेवटी सापडला तो घराजवळच. अमरोलीकडे जाताना एक भंगाराचं गोडाऊन आहे, लूमचे सुटे भाग, पंखे, कूलरच्या जाळ्या. मी भाजी घेऊन येताना सहज डोकावले आणि वायरच्या भेंडोळ्याखाली ती ओळखीची टोपी दिसली. ओढून काढला. टाकीवर प्रभाकर नाव उठवलेलं, हाताला लागलं. काच नव्हती, आमच्यालाही शेवटी नव्हती. गंज टाकीच्या कडेला, जिथे असायला हवा तिथेच. चाकी फिरवली, आत दाते लागले. टोपीत काजळी. भंगारवाला म्हणाला, साडेतीनशे. मी दोनशे म्हटलं. अडीचशेला तुटला. भाजीच्या पिशवीत घालून घरी आणला आणि मागच्या बाल्कनीत कपडे धुवायच्या जागी पुसायला बसले.

टाकी उलटी केली तर बुडाला लाल तेलरंगाने लिहिलेलं. एका बाईचं नाव, त्याआधी चि. सौ. कां., खाली 'आई-दादांकडून', आणि सन १९६८.

नाव इथे लिहीत नाही. कुणाच्या तरी घरातलं आहे. अक्षर सुंदर, रंगाऱ्याचं असावं. थोडं उडालेलं, पण वाचता येत होतं.

रॉकेलात बुडवलेली चिंधी माझ्या हातात होती (मुलाच्या ओळखीच्या गॅरेजमधून आणलेलं, आता ते सहज कुठे मिळतं?). दोनदा जोरात घासलं असतं तर ते नाव निघालं असतं. खरं सांगते, मी घासायला सुरुवात केली होती. 'कां.' वरचा अनुस्वार गेला. मग हात थांबला. तिच्याही आईने दिला होता. तिनेही कुणातरी भंगारवाल्याला दिला, किंवा ती गेल्यावर सुनेने दिला, मला काय ठाऊक. मी तशीच बसून राहिले. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी उठले नाही म्हणून सूनबाई बघायला आली.

तिथेच ओट्याशी बसून तिला सगळं सांगितलं. टमरेल, पूर, फोन, गावभर झालेली गोष्ट, आणि आत्ताचा हा माझा बेत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, म्हणेल, म्हणजे तुम्ही मला पण फसवणार होता. ते तिच्या मनात आलं असणारच. मग तिने कंदील हातात घेतला, ते नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आई, मग त्या चार रात्री उजेड कशाचा होता?" मी म्हटलं, "वाटीचा." ती उठली, कपाटातून एक साधी स्टीलची वाटी आणली आणि कंदिलाशेजारी ठेवली. तेवढंच. संध्याकाळी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मला माहीतच होतं गं आई," आणि टीव्ही लावला.

पुढचं थोडक्यात. त्या नावासकट कंदील बाल्कनीत आहे, हिंचक्यासाठी बिल्डरने छतात कड्या दिल्यात त्यातल्या एकीला टांगलाय. पाच नाहीत, एकच. घासून चकचकीत केला नाही, सोनेरी स्प्रे मारला नाही. टाकी गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने आतून धुतली, दोन दिवस उन्हात उपडी ठेवली, गंज काथ्याने हलक्या हाताने काढला आणि वरून तेलाचा बोळा फिरवला. इलेक्ट्रिशियन म्हणत होता, टाकीला ड्रिलने भोक पाडून वायर घेतो, छान बल्ब लागेल. त्याला पाडू दिलं नाही. एकदा भोक पाडलं की तो परत कंदील होत नाही. बर्नरवर बसेल असा चार्जिंगचा छोटा दिवा मुलाने आणला, तो लागतो. तुम्हीही टाकीत तेल भरून घरात पेटवायच्या भानगडीत पडू नका. बंद फ्लॅट, पडदे, लहान मुलं, आणि जुन्या टाकीचा जोड कधी सुटेल सांगता येत नाही. शंका असेल तर आधी पाणी भरून कागदावर रात्रभर ठेवा, सकाळी कागद बघा. आमच्याचा कागद ओला झाला होता.

या लिखाणाचं एक राहिलंय. माझा भाऊ हे सगळं वाचतो, त्याला मी अजून सांगितलेलं नाही. दादा, वाचत असशील तर रात्री फोन कर. आईची गोष्ट सांगायची तर तू सांगत राहा, पण तुला खरं माहीत असू दे.

आणि बाकीच्यांना विनंती. या कंदिलाला काच अजून मिळालेली नाही. बाजारातली नवी काच घालून बघितली, बुडाशी सैल बसते आणि वर टोपी नीट मिटत नाही. खानदेशात, कऱ्हाड-साताऱ्याकडे, कुणाच्या माळ्यावर प्रभाकरची जुनी काच गुंडाळून पडलेली असेल तर कळवा. मी येऊन घेऊन जाईन, कुरिअरने पाठवू नका. पुसायला नात आहे, तिचा हात अजून आत जातो.